दुष्काळाचा हिशेब

दुष्काळ म्हणजे काय, असे आठवी-नववीच्या वर्गात विचारले तर उत्तर ठरलेले असते. पाऊस पडत नाही, पीक बुडते, धान्य मिळत नाही आणि माणसे उपासमारीने मरतात. ही साखळी इतकी सरळ दिसते की तिची एकेक कडी तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो. पीक किती आले हे पीककापणीच्या प्रयोगातून कळते. पण ‘धान्य कमी पडले म्हणून माणसे मेली’ ही शेवटची कडी खरी की खोटी, हे कशाने मोजायचे?

या एका कडीच्या तपासणीचा इतिहास आम्ही या लेखात सांगणार आहोत. ही तपासणी शंभर वर्षांहून अधिक काळ चालली. तिच्यात सरकारी अधिकारी होते, डॉक्टर होते, गणिताचे एक प्राध्यापक होते, संख्याशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ होते. दुष्काळ काही प्रयोगशाळेत घडवून पाहता येत नाही. घडलेल्या दुष्काळांची एकमेकांशी तुलना करायची, एवढाच मार्ग संशोधकाला मोकळा असतो. दरम्यानच्या काळात सरकारे मात्र आपापल्या समजुतीप्रमाणे निर्णय घेत होती आणि त्या समजुतींची किंमत लाखो माणसे मोजत होती.

पुस्तकातला सिद्धांत

अ‍ॅडम स्मिथ या स्कॉटिश विचारवंताचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात धान्याच्या व्यापारावर एक दीर्घ प्रकरण आहे. स्मिथचे म्हणणे थोडक्यात असे : टंचाई आली की भाव वाढतात. वाढलेल्या भावामुळे लोक काटकसर करतात आणि व्यापारी जिथे धान्य आहे तिथून ते टंचाईच्या भागात आणतात. सरकारने मध्ये पडून भाव बांधून दिले किंवा व्यापाऱ्यांवर जबरदस्ती केली तर ही व्यवस्था मोडते आणि टंचाईचे रूपांतर दुष्काळात होते.

हा युक्तिवाद पोकळ नाही. त्यातला बराचसा भाग आजही खरा मानला जातो, हे आपण पुढे पाहूच. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. ज्याला भूक लागली आहे त्याच्याजवळ वाढलेल्या भावाने धान्य घेण्याइतके पैसे आहेत, असे त्यात धरून चाललेले आहे. ते नसतील तर बाजाराच्या दृष्टीने ही भूक म्हणजे मागणीच नव्हे. व्यापारी तिकडे फिरकणार नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या भावी अधिकाऱ्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये हेलीबरी येथील कॉलेजात होत असे. तेथे १८०५ पासून अर्थशास्त्र शिकवायला होते लोकसंख्येच्या सिद्धांतामुळे प्रसिद्ध झालेले माल्थस. विद्यार्थी हा सिद्धांत घेऊन हिंदुस्थानात येत. कलेक्टरच्या कचेरीत पोहोचेपर्यंत त्याचे रूपांतर श्रद्धेत झालेले असे. १८६६ साली ओरिसात दुष्काळ पडला तेव्हा बंगाल सरकारने बाहेरून धान्य आणायला नकार दिला. भाव चढले की व्यापारी आपणहून धान्य आणतील, ही खात्री त्यामागे होती. ते आले नाहीत. पुढे पावसाळा लागला, बंदरे आणि रस्ते बंद झाले, आणि मग आणू म्हटले तरी धान्य आणता येईना. सुमारे दहा लाख माणसे मेली.

एका पौंडाचा वाद

ओरिसाचा धडा ताजा असताना १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये अवर्षण झाले. या वेळी सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने उलट टोक गाठले. सरकारने चार लाख टनांहून अधिक तांदूळ, मुख्यतः ब्रह्मदेशातून, विकत आणला आणि लोकांना कामे व मदत दिली. मृत्यू फारसे झाले नाहीत. मात्र टेंपलचे कौतुक होण्याऐवजी उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीका झाली. दुष्काळ पडलाच नव्हता, मग एवढा खर्च कशाला, असा टीकाकारांचा सूर होता. उपाय यशस्वी झाला की रोगच नव्हता असे वाटू लागते, हा अनुभव लस टोचणाऱ्या डॉक्टरांनाही चांगला परिचयाचा आहे.

१८७६ साली दख्खन, मद्रास आणि म्हैसूरकडे पाऊस गेला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी पाहणीसाठी पाठवला तो हाच टेंपल. आता त्याला काटकसर सिद्ध करायची होती. दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे एवढी मजुरी पुरेल, असे त्याने सुचवले आणि १८७७ च्या आरंभी हा दर लागू झाला. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला जाहीर विरोध केला. अंगमेहनत करणाऱ्या माणसाचे शरीर एवढ्यावर टिकत नाही, असे त्यांनी आहारशास्त्राच्या आधारे मांडले आणि मदत छावण्यांतील मृत्यूंचे आकडे पुढे ठेवले. त्याच वर्षी मद्रासमध्ये दर वाढवावा लागला.

हा वाद आपण वर्गातही सोडवून पाहू शकतो. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. १०० ग्रॅम ज्वारीतून साधारण ३५० कॅलरी मिळतात. म्हणजे एका पौंडातून सुमारे १,६०० कॅलरी. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,००० पेक्षा जास्त लागतात. मीठ, मिरची, सरपण आणि घरातली लहान मुले यांचा विचार आपण अजून केलेलाच नाही.

मुंबई इलाख्यात हे उत्तर मजुरांनीच दिले. मजुरी कापल्यावर हजारो लोक काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला निवेदने पाठवली. सार्वजनिक धोरणावर आकडेवारीच्या जोरावर सरकारशी वाद घालण्याचा महाराष्ट्रातला हा पहिल्या काही प्रयत्नांपैकी एक म्हणावा लागेल. हा दुष्काळ संपला तेव्हा एकट्या ब्रिटिश मुलखात, सरकारी आयोगाच्याच अंदाजाने, सुमारे ५२ लाख माणसे मेली होती.

तुरुंगातला शिधा

याच सुमारास दादाभाई नौरोजी एका वेगळ्या हिशेबात गुंतले होते. दादाभाई मूळचे गणिताचे, मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातले प्राध्यापक. ‘हिंदुस्थान इंग्रजी राज्यात सुखी होतो आहे’ हा त्या काळचा राज्यकर्त्यांचा ठाम विश्वास होता. दादाभाईंनी त्याला भाषणाने उत्तर न देता बेरीज मांडली. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ या निबंधात त्यांनी प्रांतवार पीक, त्याचे क्षेत्र, एकरी उतारा आणि भाव घेऊन एकूण उत्पन्न काढले व त्याला लोकसंख्येने भागले. उत्तर आले माणशी वर्षाला २० रुपये.

पण २० रुपये पुरेसे की अपुरे, हे कसे ठरवायचे? तुलनेला काहीतरी माप हवे. दादाभाईंनी ते सरकारच्याच दप्तरातून काढले. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर प्रत्येक प्रांतात किती खर्च होतो हे तुरुंग खात्याच्या अहवालात छापलेले असे. गुन्हेगाराला जगवायला सरकारला जेवढा खर्च येतो तेवढेही उत्पन्न प्रामाणिक रयतेच्या वाट्याला येत नाही, असे त्यांनी दाखवले. कैद्यावरचा खर्च ही सरासरी नसून किमान गरज होती. म्हणून माप म्हणून ती चोख होती.

सरकारलाही मग आकडे काढावे लागले. १८८२ च्या सरकारी अंदाजात माणशी २७ रुपये आले, १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले, तर विल्यम डिग्बी या टीकाकाराने १८ रुपयांच्या आसपासचा आकडा काढला. आकड्यांवर एकमत झाले नाही. तरी वादाची जागा बदलली. ‘लोक सुखी आहेत का’ या प्रश्नावर कोणीही काहीही बोलू शकतो. ‘एकरी उतारा किती धरला’ या प्रश्नावर मात्र पुरावा द्यावा लागतो.

कळले, पण वळले नाही

१८७८ साली नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. सर रिचर्ड स्ट्रेची त्याचे अध्यक्ष होते. साधारण वर्षी देशात गरजेपेक्षा सुमारे ५० लाख टन धान्य जास्त पिकते, असा या आयोगाचा अंदाज होता. मग माणसे का मरतात? आयोगाचे उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. अवर्षणात शेतातले काम थांबते, शेतमजुराची मजुरी बुडते, आणि धान्य महाग झालेले असते नेमके त्याच वेळी. म्हणून दुष्काळ हा मुख्यतः रोजगार बुडण्याचा प्रश्न आहे. या विचारावर प्रांतोप्रांतीच्या ‘दुष्काळ संहिता’ तयार झाल्या. टंचाईची लक्षणे कोणती, कामे केव्हा उघडायची, मजुरी धान्याच्या भावाशी कशी जोडायची, अपंगांना विनाकाम मदत कशी द्यायची, हे त्यात कलमवार लिहिलेले होते.

स्मिथच्या सिद्धांतातले दडलेले गृहीतक अशा रीतीने १८८० मध्येच उघडे पडले होते. पण अहवालात लिहिलेले आणि गावात घडणारे यांत अंतर राहिले. संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर केला तरच सरकारवर जबाबदारी येत असे आणि तो केव्हा जाहीर करायचा हे सरकारच ठरवत असे. १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांमार्फत संहितेतले नियम खेड्यापाड्यांत पोहोचवले आणि शेतकऱ्याला ‘हा तुझा हक्क आहे’ असे सांगितले. सरकारला ते रुचले नाही. १८९७ साली सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली. स्वतःच छापलेला नियम लोकांनी वाचावा हेही सरकारला नको होते, यावरून माहितीची ताकद लक्षात येते.

१९४३ : तांदूळ आणि मजुरी

शेवटच्या कडीची खरी कसोटी बंगालमध्ये लागली. १९४३ च्या दुष्काळात १५ ते ३० लाख माणसे मेली. चक्रीवादळ झाले होते, युद्धामुळे ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला होता. त्यामुळे तांदूळच नव्हता, ही समजूत पक्की झाली. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही १९४५ मध्ये पुरवठ्याच्या तुटीवर भर दिला.

दुष्काळ पडला तेव्हा नऊ वर्षांचे असलेले अमर्त्य सेन पुढे अर्थशास्त्रज्ञ झाले. त्यांनी १९७० नंतरच्या दशकात त्याच आयोगाचे आकडे पुन्हा मांडले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९४३ मधला बंगालचा तांदळाचा पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा फक्त ५ टक्क्यांच्या आसपास कमी होता. १९४१ च्या तुलनेत तर तो १३ टक्के जास्त होता आणि १९४१ साली दुष्काळ नव्हता! मग बदलले काय? डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात १३-१४ रुपये मण असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ मध्ये ३७ रुपयांवर गेला. युद्धाच्या खर्चामुळे शहरात पैसा खेळत होता आणि कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त तांदूळ मिळत होता. खेड्यातल्या मजुराची मजुरी मात्र भावाच्या मागे फार रेंगाळली. ती जागीच राहिली असे धरले तर पूर्वी तीन शेर तांदूळ आणणाऱ्या मजुरीत आता जेमतेम एक शेर येतो.

प्रा. महालनोबिस यांच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेने १९४४-४५ मध्ये बंगालच्या खेड्यांत नमुना पाहणी केली होती. सेन यांना तिचा मोठा उपयोग झाला. सर्वांत जास्त देशोधडीला लागले ते शेतमजूर, कोळी आणि कारागीर. स्वतःची थोडी जमीन असलेला किंवा पिकात वाटा घेणारा शेतकरी त्या मानाने तगला, कारण त्याच्या हाती पैशाऐवजी तांदूळ येत होता. अडचणीच्या दिवसांत लोक हजामत लांबणीवर टाकतात, मासळी घेणे सोडतात. त्यामुळे ज्यांचे पोट त्यावर होते त्यांच्या कामाची तांदळातली किंमत पार कोसळली. धान्याची तूट हेच कारण असते तर उपासमार सर्वांत थोडीथोडी वाटली जायला हवी होती. ती व्यवसायाप्रमाणे वाटली गेली. सेन यांचे ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ हे पुस्तक १९८१ मध्ये आले. धान्य देशात असणे आणि ते मिळवण्याची ऐपत वा हक्क माणसापाशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याचा सारांश सांगता येईल.

विज्ञानात कोणताही निष्कर्ष बिनविरोध स्वीकारला जात नाही, तसाच हाही गेला नाही. वनस्पतिरोगतज्ज्ञ पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते की १९४२ च्या हंगामात बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग मोठ्या प्रमाणावर पडला होता आणि काही वाणांचे उत्पन्न फारच घटले होते. सरकारी पीक-अंदाज तेवढे भरवशाचे नव्हते, तूट सेन म्हणतात त्याहून मोठी असावी, असा आक्षेप या आधारावर पुढे अनेकांनी घेतला. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण तूट मोठी धरली तरी कोण मेले आणि कोण तगले याचा उलगडा नुसत्या तुटीने होत नाही. त्यासाठी मजुरी आणि भाव पाहावेच लागतात.

१९७२ : महाराष्ट्राची परीक्षा

१९७२-७३ साली महाराष्ट्रात जे घडले ते या तुलनेत मांडले की त्याचा अर्थ उलगडतो. राज्यातले धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्याहून खाली गेले. साधारण त्याच वेळी आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशात भीषण दुष्काळ चालू होता. माणशी उपलब्ध धान्य महाराष्ट्रात साहेलपेक्षाही कमी होते, असे सेन यांनी नोंदवले आहे. तरीही महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर भूकबळी पडले नाहीत. हाल झाले, जनावरे गेली, पण माणसे वाचली.

कारण दुष्काळी कामे. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध, खडी फोडणे. सुकडी आणि मिलो हे शब्द ज्यांनी त्या वर्षी ऐकले त्यांच्या ते आजही लक्षात आहेत. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की रेशनवरचे धान्य ही तूट भरून काढायला पुरेसे नव्हते. मजुरांच्या हाती रोख पैसा आला आणि त्या मागणीच्या ओढीने खासगी व्यापारातूनही धान्य आत आले. म्हणजे व्यापाऱ्याबद्दल स्मिथ म्हणाला होता ते खरे ठरले, फक्त आधी गरिबाच्या हातात पैसा पडायला हवा होता. ‘बाजार सगळे करील’ म्हणणारे आणि ‘बाजार सगळे बिघडवतो’ म्हणणारे, दोघांनाही हा निष्कर्ष अर्धाच सोयीचा आहे.

कामांची कल्पना आयत्या वेळी सुचलेली नव्हती. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात तिचा लहान प्रमाणावर प्रयोग करून पाहिला होता. इकडे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. दादाभाईंच्या तुरुंगातल्या शिध्याची जागा आता कॅलरींनी घेतली होती. दिवसाला २,२५० कॅलरी मिळायला १९६०-६१ च्या किमतींप्रमाणे खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, आणि ग्रामीण भागात ४० टक्के व शहरी भागात ५० टक्के लोकांना तेवढा खर्च करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर त्यांनी सुचवलेला मुख्य उपाय होता खेड्यांतली रोजगाराची कामे.

१९७७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हा आता कायदेशीर हक्क होता. १८९६ साली ‘केसरी’ वाचून शेतकरी जे मागत होता ते मागताना आता दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहावी लागत नव्हती. पैशाची सोय १९७५ च्या व्यवसाय कराने केली होती. आपल्या पगारपत्रकात दरमहा ‘व्यवसाय कर’ म्हणून जी कपात दिसते तिचा उगम हा आहे. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे, असा तो करार होता.

योजना सुरू झाली म्हणून संशोधन थांबले नाही. कुमुदिनी दांडेकर यांच्या १९८३ मधल्या अभ्यासाने या कामांवर स्त्रियांची संख्या किती मोठी आहे हे पुढे आणले. १९८८ मध्ये किमान वेतनाशी जुळवण्यासाठी मजुरीचा दर जवळपास दुप्पट झाला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी त्यानंतरचे आकडे तपासले तेव्हा दिसले की कामाची मागणी असूनही प्रत्यक्ष दिलेले काम घटले होते. पैसा तेवढाच, दर जास्त, म्हणून कामे कमी उघडली गेली आणि हमी पातळ झाली. मजुराला योग्य दर मिळावा ही भूमिका चुकीची नव्हती. पण त्यासाठी लागणारी तरतूद केली नाही तर काय होते, हे या अभ्यासाने दाखवले. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला त्या वेळी महाराष्ट्राचा हा सगळा अनुभव समोर होता.

संशोधन काय सांगू शकते

गरिबासाठी श्रीमंताने कर द्यावा की नाही, हे कोणताही आकडा ठरवून देत नाही. तो मूल्यांचा प्रश्न आहे आणि लोकशाहीत तो मतपेटीतून सुटतो. पण ‘एक पौंड पुरतो’, ‘व्यापारी आपणहून येईल’, ‘तांदूळच नव्हता’ ही विधाने मूल्यांची नव्हेत. ती जगाविषयीची विधाने आहेत. म्हणून ती तपासता येतात आणि खोटीही ठरू शकतात. राजकीय मतांच्या पोटात अशी कितीतरी विधाने असतात. मतापासून ती वेगळी काढणे हे संशोधनाचे पहिले काम. दुसरे काम नेमके काय मोजायचे हे ठरवण्याचे. शंभर वर्षे सगळे धान्याची कोठारे मोजत राहिले, म्हणून मजुरीकडे लक्ष गेले नाही. आणि १८८० च्या अहवालाचे पुढे जे झाले ते पाहता हेही मान्य करावे लागते की निष्कर्ष बरोबर असून भागत नाही. तो कायद्यात यावा लागतो आणि लोकांना माहीत व्हावा लागतो.

शाळेत करण्यासारखा एक उपक्रम सुचवून थांबतो. विद्यार्थ्यांनी गावातल्या दुकानातून ज्वारी, तांदूळ आणि तूरडाळ यांचे किलोचे भाव लिहून घ्यावेत. शेतमजुराची, गवंड्याच्या हाताखालच्या माणसाची आणि घरकाम करणाऱ्या बाईची एका दिवसाची मजुरी विचारावी, स्त्री-पुरुषांची वेगवेगळी. मग प्रत्येकाच्या एका दिवसाच्या कामात किती किलो धान्य येते याचा तक्ता करावा आणि तोच तक्ता दर महिन्याला, वर्षभर भरावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना १९७२ चे भाव आणि मजुरी आठवत असेल तर तीही शेजारी लिहावी. पाऊस लांबला त्या महिन्यात तक्त्यातल्या कोणत्या ओळी आधी खाली येतात, हे मुलांना स्वतःच दिसेल.